खुकरी न्हाई तर नांदेड न्हाई

माझा एकुलता एक मामा फौजेत होता, आणि सुटीवर येताना तो नेहमी चुकीच्या माणसाला चुकीची वस्तू आणायचा. त्या दुष्काळाच्या साली, विहिरींचे तळ उघडे पडलेले असताना, त्याने मायसाठी भलीमोठी काळी छत्री आणली. बाबांना लोकरीची कानटोपी आणली, तीही लातूरच्या एप्रिलात. आणि मला, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेल्या, दोन वेण्या घालणाऱ्या मुलीला, त्याने ट्रंकेच्या तळातून एक खुकरी काढून दाखवली. डोंगरात त्याच्या ठाण्याजवळ एक नेपाळी लोहार बसायचा. तो मोटारींच्या स्प्रिंगांच्या मोडक्या पाट्यांचं पोलाद तापवून खुकऱ्या घडवायचा. मोठ्या खुकऱ्या शिपाई घ्यायचे, पण त्या लोहाराच्या बायकोच्या कमरेला एक इवलीशी असायची. दिवसभर ती त्याच एका पात्यावर भाजी चिरायची, दोर कापायची, चुलीसाठी ढलप्या काढायची. तिच्याकडे बघून मामाला मी आठवले. का आठवले ते त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

सगळी मिळून वीतभर होती. पातं चार बोटं, मध्येच वाकलेलं, पोटात जड. मूठ काळ्या शिंगाची, आणि मुठीजवळ पात्याला एक लहानशी खाच. ही खाच कशासाठी, यावर आमच्या गल्लीत जितकी माणसं होती तितकी मतं होती. म्यान लाकडाचं, वरून चामडं मढवलेलं, आणि त्याच्या पाठीशी दोन पिल्लं, बोटाएवढ्या सुऱ्या, खोचलेली: एक धारेचं, एक बोथट. मामा ती माझ्या हातात देणार, तोच माय चुलीपासून ओरडली, “खाली ठिव आधी! सुरी हातातून हातात देत्यात का? भांडणं लागत्यात.”

मामाने मुकाट्याने खुकरी फरशीवर ठेवली आणि मी उचलली. बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच ते म्हणाले, “तेहतीस कोटी देव सोडले, अन् ही एक सुरी सुटंना तुला.”

बाबांचं हे रोजचंच होतं. नवा जिल्हा झाला तेव्हा नांदेडहून बदली होऊन ते लातूरच्या नव्या कचेरीत आले. कचेरीत खुर्च्यांपेक्षा कारकून जास्त. पाट्यांवरचा रंग अजून बोटाला लागायचा, आणि जुन्या कागदांवर छापलेलं जुन्या जिल्ह्याचं नाव बाबा पट्टी लावून सरळ रेघेत खोडायचे. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. अंधश्रद्धा दिसली की तीही ते तशीच पट्टी लावून खोडायला जायचे. मायला मुद्दाम विळी-सुरी हातातून हातात द्यायचे आणि म्हणायचे, “बघ, झालं का भांडण?” माय म्हणायची, “आता सुरूच केलंय की तुमी!” आणि मग खरोखरच संध्याकाळपर्यंत चालायचं. माझ्या लहानपणी या नियमाला एकही अपवाद घडलेला मी पाहिला नाही.

मामाने जाताना आणखी एक काडी टाकली. जेवता जेवता तो म्हणाला, “आक्का, एक ध्यानात ठिव. ही म्यानाभाईर निघाली की रगत चाखल्याबिगर आत जात न्हाई.” तो मिशीत हसत होता, मी पाहिलं. मायने पाहिलं नाही, ती भाकरी थापत होती. दुसऱ्या दिवशी मामा गाडीत बसला आणि माय विचारात पडली. रोज सकाळी पंचशील म्हणणारी बाई ती, मुंगीदेखील फडक्याने उचलून दाराबाहेर सोडायची. दोन दिवस तिने मला खुकरी बाहेर काढू दिली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने एक टमाटा माझ्यापुढे ठेवला. “रगत लालच असतंय ना? मग लाल द्यायचं. काप.”

तिथून आमचं घर लाल झालं. खुकरी निघाली की टमाटा, टमाटा नसला की गाजर, गाजर महाग झालं की वाळली मिरची. पाणी टँकरचं, भाजी बाजारात औषधाला नाही, आणि आमच्या ताटात मात्र लाल चटणी, लाल ठेचा, लाल रस्सा. बाबा म्हणायचे, “ह्या घरात एखाद्या दिवशी पांढरं वरण दिसंल का?” माय म्हणायची, “तिला सांगा, ती काढती भाईर.”

आणि मी तर काढतच होते. काय करू? मला वेड लागलं होतं, दुसरा शब्द नाही. सकाळी टँकर आला की त्याच्या नळीला बांधलेली सुतळी सोडवत बसायला कुणाला वेळ नसायचा. “इमल, आन गं तुझी!” अशी हाक यायची आणि मी परकर खोचून धावायची. कैऱ्या, दोऱ्या, गोणपाटाची शिवण, पायात मोडलेला काटा, घरमालकिणीच्या गादीचे टाके, रेशनच्या पोत्याचं तोंड, शेजारच्या शकूच्या लग्नासाठी आणलेल्या पत्रावळ्यांचे गठ्ठे. पातं नुसतं टेकवावं आणि त्याच्या वजनानेच काम व्हावं. ते बोथट पिल्लू मी धार लावायला वापरायची, ओट्यावर बसून, गुणगुणत. तोवर माझ्यापाशी फक्त पुस्तकं होती, तीही बहुतेक दुसऱ्यांची. आता माझ्यापाशी एक वस्तू होती जिच्यासाठी अख्खी गल्ली माझ्या नावाने ओरडत होती. रात्री ती उशाखाली घेऊन झोपताना मला गुदगुल्या झाल्यासारखं व्हायचं.

बाबा तिच्याकडे बघायचे नाहीत. पण त्या महिन्यात त्यांच्या पेन्सिलींना अशी टोकं आली की विचारू नका, आणि म्यानामागचं धारेचं पिल्लू रोज संध्याकाळी उलटं खोचलेलं सापडायचं. मी मायला सांगितलं नाही. माय मला म्हणाली नाही. आम्हा दोघींना ते ठाऊक होतं.

मग निकाल लागला आणि नांदेडच्या कॉलेजात मला विज्ञानाला प्रवेश मिळाला. मला जायचंच होतं. गोदावरीच्या काठी माझं बालपण गेलेलं, शाळेच्या मैत्रिणी तिकडे, आणि प्रयोगशाळेत खरोखरीच्या काचेच्या नळ्या असतात असं ऐकलेलं. बाबांचा प्रश्नच नव्हता. मुलीने शिकावं म्हणून ते कुणाशीही भांडले असते, सुरी न देताही. अडलं मायपाशी. वसतिगृह, अनोळखी पोरी, एस.टी.चा लांबचा रस्ता. दोन दिवसांनी भाकरी भाजता भाजता ती म्हणाली, “मी चौथीतून उठले, ते शिकाया नको वाटत होतं म्हणून न्हाई. पांदीतून एकटीला जावं लागायचं. भ्या वाटायचं. कुणी इचारलंच न्हाई मला, का बसलीस घरी म्हणून.” तिने भाकरी उलटली. “इमलनं जावं. पर खुकरी कमरंला पाहिजे. खुकरी न्हाई तर नांदेड न्हाई.”

बाबा भडकले. “हिच्या हातात पेन द्यावं म्हणून मी जलम घालवला, अन् तू चाकू देतीस? शिकाया चालली का लढाईला?”

“पेन तुमी द्या की,” माय म्हणाली. “मी कुटं न्हाई म्हणून राहिले? दोन्ही दे म्हणते.”

त्यावर बाबा चपला घालून कचेरीत निघून गेले. रविवार होता.

कॉलेज मंगळवारी उघडणार, त्या संध्याकाळपर्यंत वसतिगृहात हजर झालं नाही तर जागा जाणार, आणि शकूचं लग्न त्याच्या आधीच्या शनिवारी. शकू म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, माझ्याहून वर्षाने मोठी, दिवसातून दहा वेळा रडणारी आणि अकरा वेळा हसणारी मुलगी. लग्न तिच्या आजोळी, चाकूरला. बाबांना कचेरीतून सुटी नव्हती, म्हणजे त्यांनी मागितली नव्हती. नोकरीत त्यांनी कधीच रजा मागितली नव्हती. मी आणि माय गेलो. निघताना मायने माझ्या कमरेला हात लावून खात्री केली. लग्नाला खुकरी कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, “सवय हू दे.”

वऱ्हाड जळकोटहून आलं. ट्रकमध्ये माणसं, माणसांत पेट्या, पेट्यांवर बँडवाले. नवरदेव उंचापुरा, हळदीने पिवळाधमक, मुंडावळ्या डोळ्यांवर. मांडवाच्या दारात त्याला ओवाळायला बायका पुढे झाल्या आणि त्याची आत्या किंचाळली. नवरदेवाच्या हातात कट्यार नव्हती! हळद लागली की नवरदेवाच्या हातात लोखंड पाहिजे, टोकाला लिंबू टोचून, आणि हळद उतरेपर्यंत ते खाली ठेवायचं नाही. कट्यार होती धाकट्या भावापाशी, भाऊ होता जीपमध्ये, आणि जीप टायर फुटून कुठेतरी शिरूरच्या अलीकडे बसली होती. “हळदीच्या अंगाला लोखंड न्हाई, अन् तसाच वेशीतून आलास रे?” आत्याने डोक्याला हात लावला. भटजी म्हणाले, मुहूर्त थांबत नाही.

पुढची दहा मिनिटं आठवली की मी आजही एकटी हसत सुटते. कुणीतरी विळा आणला, त्याला कडब्याचं धाट अडकलेलं. लिंबू टोचलं तर ते घरंगळून बँडवाल्याच्या ढोलात जाऊन बसलं. ट्रकचा ड्रायव्हर पान्हा घेऊन आला. शकूच्या आजोबांनी मोठ्या मनाने स्वतःचा अडकित्ता दिला. त्याच्या तोंडात लिंबू धरलं आणि नवरदेवाने घाबरून जरा जोरात दाबलं, तर लिंबाच्या दोन फोडी झाल्या आणि रस आत्याच्या डोळ्यात गेला. तेवढ्यात घराच्या खिडकीतून नटलेली नवरी अर्धी बाहेर आली आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशी ओरडली, “इमल, दे ना गं तुझी!”

सगळे माझ्याकडे वळले. मी मायकडे पाहिलं. ती माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणाली, “लिंबू लाल न्हाई बघ.” पण शकू खिडकीत आता रडायच्या बेतात होती. मी खुकरी काढली आणि नवरदेवापुढे जमिनीवर ठेवली. त्याने वाकून उचलली. लिंबू टोचलं. गावरान लिंबू ते, चांगलं टपोरं. टोक लिंबातून पलीकडे निघेचना. काडीवरची लिमलेटची गोळी धरावी तसा तो उभा राहिला आणि सगळा मांडव हसायला लागला. नवरदेवही हसला. मला तो तेव्हाच आवडला.

आत्या मात्र डोळा चोळत म्हणाली, “पर हाय कुणाची म्हणायची ही?”

हसणं थांबलं. चाकुरात आम्हाला ओळखणारी माणसं होती. आमचं गावाकडचं घर कोणत्या वस्तीतलं, आमच्या घरात देव नाहीत, हे त्यांना माहीत होतं. मायचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला. तेव्हा शकूची आजी खांबाला टेकून बसली होती, ती बसल्या जागेवरून म्हणाली, “लोखंडाची हाय. तुला पोरगं उघडं ठिवायचं आसल तर दे परत.” आत्याने बँडवाल्यांना हात केला. अक्षता पडल्या. मायचा हात माझ्या दंडावरून निघाला तेव्हा पाची बोटं उमटलेली होती.

घोटाळा नंतर झाला. जीप आली, कट्यार आली, पण आता आत्याच अडून बसली. ज्या लोखंडावर अक्षता पडल्या तेच हळद उतरेपर्यंत हातात राहणार, बदलायचं नाही. हळद उतरणार मंगळवारी सकाळी. म्हणजे वऱ्हाडाबरोबर शकू गेली आणि माझी खुकरीही गेली, ट्रकमधून, लिंबासकट. शकू जाताना गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, पाचव्या दिवशी माहेरी येईन तेव्हा घेऊनच येते. पाचव्या दिवशी! लातूरला उतरल्यावर मायने सवयीने माझ्या कमरेला हात लावला. म्यान होतं, पिल्लं होती. तिने म्यान हातात घेऊन तोललं. “हलकं हाय,” ती म्हणाली, आणि ट्रंकेत भरलेले माझे कपडे एकेक करून बाहेर काढायला लागली.

मी रडले, चिडले, जेवले नाही. “पुढल्या साली जा,” माय म्हणाली. पुढल्या साली! मला ठाऊक होतं, पुढल्या साली तिला पुन्हा भ्या वाटेल, कदाचित जास्त. बाबा मायला समजावत होते, ओरडत होते, भाषण देत होते. माय ऐकून घेत होती आणि कपड्यांच्या घड्या फडताळात लावत होती.

सोमवारी सकाळी उठले तर बाबा घरात नव्हते. कचेरीचा शिपाई विचारायला आला, साहेब आजारी आहेत का, रजेचा अर्ज आलाय. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग मायची नजर खुंटीकडे गेली. रिकामं म्यान तिथे नव्हतं.

संध्याकाळी उदगीरच्या गाडीचा कंडक्टर दारात येऊन निरोप सांगून गेला. “जळकोटहून तुमच्या मालकानं सांगितलंय. उद्या दुपारच्या नांदेडच्या गाडीत बसा, आमदपूरला भेटतो.” खुकरी मिळाली का, असं मायने विचारलं. “त्याचं ते काही बोलले नाहीत, अन् मीबी घाईत होतो,” कंडक्टर म्हणाला. मायने रात्रभर विचार केला असावा. सकाळी तिने कपडे पुन्हा ट्रंकेत भरले. मी आनंदाने उडी मारली, तर म्हणाली, “थांब. रिकाम्या हातानं उभं राहिलेलं दिसलं, तर तिथंच उतरायचं.” आणि गाडीत कंडक्टर आला तेव्हा तिने तिकिटं काढली दोन, फक्त अहमदपूरची.

तो प्रवास मी कसा केला ते मलाच माहीत. चाकूर गेलं, मांडव अजून तसाच उभा होता. मायच्या मांडीवर भाकरी आणि शेंगाच्या चटणीचा डबा, माझ्या मांडीवर मामाची छत्री, कारण नांदेडला पाऊस पडेल असं मायचं मत होतं. मला भीती वाटत होती आणि हसूही येत होतं. सगळं आयुष्य एका लिंबावर येऊन ठेपलं होतं. शिरूर गेलं. अहमदपूरच्या स्टँडात गाडी वळली आणि आम्ही दोघी एकाच खिडकीतून वाकलो.

बाबा उभे होते. तीन दिवसांचा चुरगळलेला असावा असा सदरा, धुळीने केस पांढरे, खिशाला दोन पेनं, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेलं म्यान. भरलेलं. मी खिडकीतून जवळजवळ बाहेर लोंबकळले आणि हात पुढे केला. “बाबा, द्या! द्या लवकर!”

त्यांनी दिली नाही. ते इकडे बघतात, तिकडे बघतात. कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली. “बाबा!” मी ओरडले. ते गाडीबरोबर चालायला लागले, मग पळायला लागले. पुढच्या दारापाशी पोचले आणि म्यान गाडीच्या पायरीवर ठेवलं. ठेवलं, टाकलं नाही. आणि धापा टाकत ओरडले, “उचल आता!”

मी ट्रंकांवरून, माणसांवरून, एका बाईच्या कोंबडीवरून उड्या मारत दारापाशी गेले आणि उचलली. मान वर केली तेव्हा बाबा स्टँडाच्या धुळीत हात हलवत मागे पडत होते. माय कंडक्टरला म्हणत होती, “नांदेड द्या. दोन.”

गाव मागे गेल्यावर मायने म्यान मागितलं. मी ते बाकावर ठेवलं, तिने उचललं आणि बेताने पातं बाहेर ओढलं. लिंबाचा वाळका रेषा एका बाजूला चिकटलेला होता. आणि मुठीजवळच्या त्या खाचेत, ताजं, ओलं, टमाट्याचं एक बी होतं. माय त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला, पण हसू मावेना. “बाटला गं,” ती म्हणाली, “तुझा बाप बाटला!” आम्ही इतक्या हसलो की कोंबडीवाली बाई जागा बदलून बसली. हसता हसता मायने डोळे पुसले, डबा उघडला, आणि आता बाहेर काढलीच आहे म्हणून पात्याचं टोक लाल चटणीला लावून मग आत घातलं.

खुकरी अजून माझ्या पिशवीत असते. घरी आलेली पुडकी तीच उघडते, आणि सुनेला द्यायची झाली की मी टेबलावर ठेवते. सून हसते. बाबांना म्हातारपणी मी एकदा विचारलं होतं, त्या दिवशी हातात का दिली नाही? ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, “गाडी सुटली होती. हात पोचंना तुझा.”

पोचत होता. मी इतकी वाकले होते की माझी बोटं त्यांच्या खिशातल्या पेनांना लागली होती.